विकचं दूध बदलून मिळतं, फक्त मागायला हवं

मंडळी, आज मी फक्त दुधावर बोलणार आहे. विक (WIC) ही गरोदर बायका, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकन सरकारची पोषण योजना, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. पीएचडीच्या स्टायपेंडवर दोघं आणि एक बाळ असा संसार करणाऱ्यांचं उत्पन्न बऱ्याचदा गरिबी रेषेच्या १८५ टक्क्यांच्या आत बसतं आणि तीच विकची मर्यादा आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतही काही ठिकाणी विकचं कार्ड असतं, ज्यावर दर महिन्याचं सामान भरलेलं येतं. पण होतं काय, की नाव नोंदवतात, कार्ड घेतात आणि मग जे लिहून आलंय तेच दूध दर महिन्याला गॅलनच्या गॅलन उचलत राहतात, अर्धं फ्रीजमध्ये नासतं, घरात कुणाला पोटात गॅस होतो, आणि बदलून मागता येतं हे कुणी सांगितलेलंच नसतं. मला आज तेवढंच पोचवायचंय.

आपल्याकडे अंगणवाडीत टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं, जे पाकीट येतं ते येतं, त्यात आई काही निवडत नाही. गंमत बघा, आयसीडीएस, म्हणजे अंगणवाड्या चालवणारी भारतातली बालविकास योजना, १९७५ साली सुरू झाली आणि विकसुद्धा त्याच १९७५ मध्ये कायमची झाली, त्याआधी १९७२ पासून ती प्रायोगिक होती. पण विकची पद्धत वेगळी आहे. इथे वयानुसार ठराविक प्रमाण ठरतं आणि त्या प्रमाणाच्या आत तुम्हाला निवड करता येते.

आता वय बघू. एक वर्षाच्या आत गाईचं दूध नाहीच, तिथे आईचं दूध किंवा फॉर्म्युला. पहिल्या वाढदिवसापासून दुसऱ्यापर्यंत होल मिल्क, म्हणजे फॅट न काढलेलं दूध. दोन पूर्ण झाली की एक टक्का फॅटचं किंवा स्किम, म्हणजे जवळपास सगळं फॅट काढलेलं, आणि आईलाही तेच. इथेच आपल्या घरांत वाद सुरू होतो, विशेषतः भारतातून आजी आलेली असेल तर. "हे काय पाणचट दूध पाजताय पोराला, साय कुठाय?" आजींना मी मनापासून सांगते, साय गेली म्हणजे फॅट गेलं, प्रोटीन आणि कॅल्शियम गेलेलं नाही. एक कप होल मिल्कमध्ये साधारण आठ ग्रॅम प्रोटीन असतं तेवढंच एक टक्क्याच्या दुधातही असतं. ए आणि डी जीवनसत्त्वं त्यात वरून घातलेली असतात. आणि पोराला स्निग्ध काही द्यायचंच असेल तर वरणभातावर चमचाभर तूप घाला की, ते कोण अडवतंय. मूल खरंच वजनाने कमी असेल तर मात्र गप्प बसू नका, विकच्या न्यूट्रिशनिस्टला सांगा, कमी वजनासारख्या कारणांसाठी दोन टक्क्यांचं दूध देता येतं, आणि काही आजार असेल तर डॉक्टरांच्या कागदावर दोन वर्षांनंतरही होल मिल्क मिळतं.

आता मुख्य मुद्दा, अदलाबदल. २०२४ च्या नियमांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलाला महिन्याला १४ क्वार्ट दूध, एक वर्षाच्याला १२, गरोदर बाईला १६. क्वार्ट म्हणजे लिटरहून किंचित कमी, आणि चार क्वार्टचा एक गॅलन. आधी हे आकडे मोठे होते, मुलांना १६ आणि गरोदर बाईला २२, ते कमी केले तेव्हा बऱ्याच आयांना वाटलं की आपलं काहीतरी काढून घेतलं. पण हिशोब करून बघा, १४ क्वार्ट म्हणजे ५६ कप, म्हणजे रोजचे जवळपास दोन कप, लहान मुलाला तेवढं पुरतं. दुधानेच पोट भरलं की मूल पोळी-भाजी, डाळ खात नाही आणि लोह कमी पडतं, हे मी रोज बघते. वाचलेला पैसा भाज्या-फळांकडे वळवलाय, २०२४ मध्ये मुलामागे महिन्याला २६ डॉलर होते, त्यात पालक, मेथी, केळी घ्या. मला विचाराल तर हा बदल चांगलाच आहे.

तर हे १४ क्वार्ट सगळे दुधातच घ्यायचे असं नाही. एक पाउंड चीज घेतलं तर तीन क्वार्ट दूध वजा होतं. एक क्वार्ट दही घेतलं तर एक क्वार्ट वजा, आणि दही दोन क्वार्टपर्यंत घेता येतं. म्हणजे चीज एक पाउंड, दही एक क्वार्ट, उरलं दहा क्वार्ट, म्हणजे दोन गॅलन आणि एक अर्धा गॅलन, बरोब्बर जमतं. दही दोन क्वार्ट घेतलंत तर एक क्वार्ट सुटा उरतो आणि त्या मापाची बाटली तुमच्या दुकानात असेलच असं नाही, म्हणून आधीच गणित करून सांगा. दह्यात साखर बघून घ्या, साधंच घ्या. पनीर यादीत नाही, पण दूध फाडून घरी करता येतं, एक टक्क्याच्या दुधाचं जरा कोरडं आणि कमी निघतं एवढंच. दही घरी लावणाऱ्यांनी दूध कोमट असताना चमचाभर मिल्क पावडर घालावी, घट्ट लागतं.

ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी. आपल्या लोकांत हे खूप आहे आणि आपण ते "मला दूध आवडत नाही" म्हणून झाकतो. लॅक्टोज-फ्री, म्हणजे न पचणारी दुधातली साखर नसलेलं, दूध मागा, ते मिळतं, त्यात कॅल्शियम-प्रोटीन तेवढंच असतं. दूधच नको असेल तर सोयाबीनचं दूध, किंवा टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, एक पाउंडाला एक क्वार्ट दूध वजा, आणि तो कॅल्शियम घालून जमवलेला हवा. बदाम दूध का नाही असं खूप जणी विचारतात. विकच्या निकषात कपाला आठ ग्रॅम प्रोटीन लागतं आणि दुकानातल्या बहुतेक बदाम दुधात एखादाच ग्रॅम असतं, वाढत्या मुलाला त्याच्यावर ठेवू नका, कितीही महाग असलं तरी. आणि हो, चॉकलेट मिल्क आता विकमध्ये नाही, बरं झालं.

शेवटी ग्रीन कार्डचं, कारण मागच्या रांगेतून तोच प्रश्न आलाय, की विक घेतलं तर ग्रीन कार्ड अडेल का. विकला तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात याची अट नाही, आणि २०२२ च्या पब्लिक चार्जच्या, म्हणजे ग्रीन कार्ड मागणारा सरकारवर ओझं होईल का हे ठरवण्याच्या, नियमात विकचा फायदा घेणं मोजत नाहीत. तुमच्या केसमध्ये आणखी गुंतागुंत असेल तर वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको. भीतीपोटी बाळंतीण बाई महिनोन्‌महिने दूध-अंडी मोजून खाते हे बघवत नाही मला.

अपॉइंटमेंटला जाताना एका कागदावर लिहून न्या: घरात कोण दूध पितं, कोणाला पचत नाही, दही किती लागतं, मागच्या महिन्यात काय उरलं. उरलेलं पुढच्या महिन्यात जात नाही, म्हणून महिना संपायच्या आत कार्डावरचा बॅलन्स बघा. आणि सगळ्या राज्यांची यादी सारखी नसते, ब्रँडसुद्धा ठरलेले असतात, तेव्हा आपल्या राज्याची यादी फोनमध्ये उघडूनच दुकानात शिरा.