लग्नाची गाडी आणि उन्हात भाजलेली चिकटपट्टी

(दृश्य : दारात उभी गाडी. बॉनेटवर वाळक्या झेंडूच्या पाकळ्या, पिवळट पडलेल्या चिकटपट्ट्या.)

वरात पोचली, नवरी माप ओलांडून घरात गेली, पाहुणे पांगले. गाडी मात्र मे महिन्याच्या उन्हात दारातच उभी राहिली. माळा कुणीतरी ओढून काढल्या, पट्ट्या तशाच ठेवल्या. आता नखाने उचकटायला जावं तर प्लॅस्टिकचे कपटे निघतात आणि खालचा चिकटा जागचा हलत नाही.

लग्नसराईत वॉशिंग सेंटरवर अशा गाड्या येतच असतात. मालकाचा प्रश्न ठरलेला असतो : "दादा, हे कशाने निघेल?" आणि जाणता कारागीर उत्तर द्यायच्या आधी उलट विचारतो : "कलर कंपनीचा आहे की मारलेला?"

सगळी मेख या प्रश्नात आहे.

(दृश्य : रंगाच्या थरांचं रेखाचित्र.)

पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर गाडीचा अख्खा रंग दोन केसांएवढा जाड. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. गाडीची चकाकी त्याची, उन्हाचा मारा सोसणाराही तोच.

कारखान्यात रंगाला जाते ती नुसती बॉडी. तिला १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजता येतं. त्या उष्णतेत क्लिअर कोटचे रेणू एकमेकांत असे गुंततात, की पेट्रोलचा थेंब सांडला आणि लगेच पुसला तर त्याला काही होत नाही. गॅरेजमध्ये येणारी गाडी सीट, वायरिंग, बंपर यांच्यासकट उभी असते. तिला एवढं तापवता येत नाही. तिथला रंग कमी उष्णतेवर, कित्येकदा नुसत्या हवेवर वाळतो. चांगला पेंटर हार्डनर (थर कडक करणारं रसायन) घातलेला क्लिअर मारतो, तो बराच टिकतो. स्वस्तातल्या कामात तेवढंही नसतं. अशा रंगावर थिनरची चिंधी फिरवली, की चिकट्याबरोबर रंगही चिंधीवर येतो.

म्हणून "अमक्याच्या गाडीला थिनर चालला" या सल्ल्याला अर्थ नाही. त्याच गाडीच्या दाराला चाललेला थिनर तिच्याच बंपरला चालेल असं नाही, कारण शहरात बंपर एकदा तरी ठोकून, लांबी (पुट्टी) भरून रंगवलेला असण्याची शक्यता मोठी. साध्या थिनरमध्ये टोल्युईन, ॲसिटोन यांसारखी द्रावकं असतात. त्यांचं कामच मुळी रंग विरघळवणं. नेलपॉलिश रिमूव्हरही बहुतेकदा त्याच घराण्यातला. दोन्ही बाटल्या गाडीपासून लांब ठेवलेल्या बऱ्या.

(दृश्य : जुनं गॅरेज, दोन रंगांची मोटार.)

गंमत म्हणजे आपण जिला वैतागतो त्या चिकटपट्टीचा जन्मच मोटारीचा रंग वाचवण्यासाठी झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची टूम होती. एक रंग मारताना दुसरा झाकायचा, तर पेंटर त्यावर कागद चिकटवत. कागद काढताना खालचा ताजा रंग सोलून निघे. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात रिचर्ड ड्रू नावाचा तरुण पॉलिश-पेपरचे नमुने घेऊन गॅरेजमध्ये जात असे. तो ज्या कंपनीत होता ती आज थ्री-एम म्हणून ओळखली जाते. पेंटरांची ही हताश शिवीगाळ त्याने ऐकली आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली : चिकटेल, पण रंग न ओढता निघेल अशी. पारदर्शक सेलोफेनची टेपही त्याचीच, १९३० ची.

मग आपली पट्टी का निघत नाही? वेळेवर काढली नाही म्हणून. पट्टीवरचा चिकटा कधीच पूर्ण घट्ट नसतो. तो अतिशय दाट द्रवासारखा वागतो, ऊन लागलं की पातळ होऊन रंगाच्या बारीक खाचखळग्यांत उतरतो. दिवस जातील तशी अतिनील किरणं आणि हवा त्याला कडक करतात. पट्टीचं प्लॅस्टिकही ठिसूळ होतं. ओढायला धड काही उरतच नाही.

(दृश्य : शाम्पूचं पाणी, मऊ कापड, हेअर ड्रायर.)

सुरुवात धुण्यापासून. हे वगळणारे पुष्कळ, आणि पुढे ओरखड्यांचं खापर औषधावर फोडणारेही तेच. धुळीवर कापड घासलं, की ते पॉलिश-पेपरचंच काम करतं.

मग ऊब. घरातला हेअर ड्रायर वीतभर अंतरावर, सतत हलता. पत्रा हाताला सोसेल इतपतच तापवायचा. त्याहून तापला तर चिकटा एवढा पातळ होतो, की अर्धा पट्टीबरोबर जातो आणि अर्धा मागे राहतो. सुतार-पेंटरांकडची हीट गन इथे नको. तिची हवा ५०० अंशांच्या वर जाऊ शकते. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, तो १६० अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या आधीच लुळा पडतो.

कड सुटली, की पट्टी वर उपसायची नाही. ती स्वतःवरच दुमडून, पत्र्याला जवळजवळ समांतर, सावकाश मागे न्यायची. कड उचलायला जुनं एटीएम कार्ड. ब्लेड नाही, तारेची घासणी नाही, भांड्यांची हिरवी घासणी तर मुळीच नाही : तिच्यात घासकणच भरलेले असतात. डिकीवरचं नाव किंवा लोगो फोमच्या दुहेरी टेपवर बसवलेला असतो. त्याच्यामागून तंगूस (नायलॉनचा दोरा) करवतीसारखा फिरवला, की तो सुटा होतो.

उरलेल्या चिकट्यावर बरेच जण जोर लावतात. जोराची गरज नसते. खोबरेल तेल लावून पंधरा-वीस मिनिटं थांबलं, तर रबरी चिकटा फुगतो, सैल होतो आणि अंगठ्याखाली त्याच्या गोळ्या वळतात. तेलाला न जुमानणाऱ्या ॲक्रिलिक चिकट्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा टर्पेंटाईन. ओतायचं नाही : कापड ओलं करून थोडा वेळ ठेवायचं, पुसायचं, पुन्हा ठेवायचं. त्याआधी चाचणी, आणि तीही त्याच भागाच्या लपलेल्या कडेवर. टाकीच्या झाकणाआत चाचणी करून बंपरला लावणं फोल आहे. तिथला रंग कंपनीचा, इथला गॅरेजचा असू शकतो. पांढऱ्या कापडावर रंग उतरला किंवा कड मऊ लागली, तर परत तेलाकडे.

आणि ड्रायर व द्रावक एका वेळी कधीही नाही. टर्पेंटाईन, अल्कोहोल, पेट्रोल, सगळी पेट घेतात.

(दृश्य : लाल गाडीची मागची काच, तिच्याखाली डिकीवर पुसटशी अक्षरं.)

शेवटी शाम्पूने तेलकटपणा धुवायचा आणि वॅक्सचा हात द्यायचा. एवढं करूनही काढून टाकलेल्या रेडियमची (स्टिकरची) अक्षरं दिसतच राहिली, तर तो चिकटा नव्हे. बोट फिरवून पाहा : गुळगुळीत लागेल. वर्षानुवर्षं आजूबाजूचा रंग उन्हाने विटला आणि अक्षरांखालचा ताजा राहिला. त्याला कुठलंही औषध चालत नाही. मशीन-पॉलिशने विटलेला थर काही मायक्रॉनने उतरवला, तर फरक कमी होतो. पण उतरतो तो क्लिअर कोटच, आणि तो वाढत नाही. त्यामुळे पॉलिशवाला मीटर लावून जाडी न बघता मशीन सुरू करत असेल, तर त्याला थांबवा. काही मालक ही भानगडच टाळतात. रेडियमवाल्याकडे जाऊन तेच नाव, त्याच मापाचं, पुन्हा चिकटवून घेतात.