आधी प्रसंग, मग चाल : अभिषेकीबुवांचं नाट्यसंगीत

(ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावी मंडईनिमित्त, म्हणजे गावजत्रेनिमित्त, झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आज गावात मंडई आहे. घराघरात पाहुणे आहेत आणि रात्री दहाला वडशाच्या कंपनीचं नाटक आहे. ते सुरू झालं की पहाटेपर्यंत मंडपातून कोणी हलणार नाही, हे मला माहीत आहे. अशा दिवशी नाटकाच्या संगीतावर बोलायला बोलावलंत, याचा मला फार आनंद झाला. पुण्या-मुंबईत नाट्यसंगीत आता बहुतेक वेळा मैफलीत ऐकायला मिळतं. समोर गायक, मागे तानपुरे आणि नाटकाचा पत्ता नाही. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, मात्र दिवाळीपासून होळीपर्यंत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात नट उभा राहून गातो, समोर पेटी आणि तबला असतो, आणि गाणं फसलं तर पब्लिक तिथल्या तिथे सांगतं. म्हणून गायक-संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकींबद्दल बोलायची खरी जागा मला हीच वाटते.

बुवा गोव्याचे, मंगेशी गावचे. घरात मंगेशाच्या देवळाची सेवा होती, अभिषेकाचा मान होता, आणि त्यावरूनच हे आडनाव आलं. वडील कीर्तनकार. कीर्तन ऐकत वाढलेल्या मुलाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही, ती म्हणजे शब्द ऐकू आला पाहिजे. कीर्तनकार मध्येच अभंगाचा चरण उचलतो, सूर लावतो, पुन्हा कथेवर येतो आणि श्रोत्याचा धागा सुटत नाही. अभिषेकींच्या नाटकातल्या चाली ऐकताना मला हे कीर्तन सतत आठवतं.

पुढे ते गिरिजाबाई केळेकर, जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँ, गुलुभाई जसदनवाला अशा वेगवेगळ्या गुरूंकडे शिकले. एका घराण्याचा शिक्का कपाळावर मारून घेतला नाही. काही काळ मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागात नोकरी केली. हे सगळं भराभर सांगतो, कारण मला लवकर नाटकाकडे यायचं आहे.

त्यांच्या आधी काय होतं ते मात्र समजून घ्यायला हवं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ नाटकात शंभरावर पदं होती. जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक कोणाच्या घरी असेल तर उघडून बघा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून पुढे एखाद्या आधीच्या गाण्याचं नाव दिलेलं असतं. म्हणजे लोकांच्या ओठावर असलेली चाल घ्यायची आणि तिच्यात नवे शब्द बसवायचे. 1911 साली ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या तेव्हा ठुमरी-कजरीचा उत्तरेकडचा रंग आला. 1916 साली ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी रागदारीतल्या बंदिशी आणल्या. केवढं मोठं वैभव ते! बालगंधर्व एकेक पद घोळवत, वन्स मोअर येत, आणि त्यांनी रंगवलेली रुक्मिणी रंगमंचावर थांबून राहायची. पब्लिक गाण्यासाठी आलेलं असे. नाटक थांबलं याचं कोणाला दुःख नसे.

मग बोलपट आले. गाणं तिकडे गेलं, नटही तिकडे गेले, आणि एकेक कंपनी बसत गेली. 1960 साली विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’ आलं, त्याला वसंत देसाईंचं संगीत होतं, आणि संगीत नाटकाने पुन्हा डोकं वर काढलं. पण प्रेक्षक बदलला होता. शहरातल्या माणसाला शेवटची लोकल पकडायची होती. तीन तासांत नाटक संपायला हवं आणि तरी गाण्याने समाधान व्हायला हवं, अशी ती अडचण होती.

अभिषेकींचं ‘मत्स्यगंधा’ आलं ते 1964 साली. लेखक वसंत कानेटकर, निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची. पदं मोजकी, आणि चाली नव्या. कुठल्या जुन्या गाण्याची चाल उचललेली नाही. त्या माणसाने आधी नाटक ऐकलं, प्रसंग समजून घेतला आणि मग पेटीवर हात ठेवला, असं ती गाणी ऐकताना वाटत राहतं.

‘गुंतता हृदय हे’ घ्या. रामदास कामतांनी पराशराची भूमिका करताना ते गायलं. ऋषी आहे, तपस्वी आहे, आणि कोळ्याच्या पोरीपाशी, मत्स्यगंधेपाशी, त्याचं मन अडकलं आहे. (इथे पेटीवर मुखडा वाजवून दाखवला.) ऐकलंत? ‘हृदय हे’ म्हणताना तो ‘हे’ कसा लांबतो बघा. गाणाऱ्याला तिथून निघवत नाही. गुंतणं म्हणजे काय ते सुरातच आलं आहे, आणि त्यासाठी एकही तान लागलेली नाही. खमाजाचं अंग आहे, पण राग ओळखता आला नाही म्हणून ऐकणाऱ्याचं काही अडत नाही. तान आहे, पुढे येते, कामतांचा गळा तयारीचाच होता. पण ती येते तेव्हा पराशराच्या मनातून येते.

आणि त्याच नाटकात ‘गर्द सभोवती रान साजणी’. कविता बालकवींची. बालकवी 1918 साली गेले, नाटक 1964 चं. इतकी वर्षं पुस्तकात पडून असलेले शब्द, आणि चाल अशी दिली की ते त्या प्रसंगासाठीच लिहिले असावेत. आशालता ते गायच्या. रानातली, पाण्यावरची मुलगी गाते आहे हे एका ओळीत कळतं. इथे अवघड सुरावट घातली असती तर मत्स्यगंधा नाहीशी झाली असती आणि गायिका तेवढी उरली असती. संगीतकाराला आपली विद्या कुठे झाकून ठेवायची हे कळायला फार मोठं मन लागतं.

‘लेकुरे उदंड जाली’मध्ये तर त्यांनी संवादच गाण्यात घातले. मूल नसलेल्या जोडप्याचं हलकंफुलकं नाटक, नायक श्रीकांत मोघे. बोलता बोलता पात्रं गाऊ लागतात आणि गाता गाता पुन्हा बोलू लागतात. आपल्या दंडारीत, इथल्या लोकनाट्यात, हेच होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘ययाति आणि देवयानी’ शिरवाडकरांचं. त्यातली ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’ ही भैरवीतली प्रार्थना आज शाळेत म्हणतात, आणि ती नाटकातली आहे हे मुलांना ठाऊकही नसतं.

आता ‘कट्यार काळजात घुसली’. इथे मला थोडं सावकाश बोलू द्या, कारण हे नाटक आपलं आहे. लेखक-दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे, अकोला जिल्ह्यातले. नागपुरात वाढले, शंकरराव सप्र्यांकडे शिकले. वसंतरावांच्या गाण्यावर दीनानाथ मंगेशकरांची केवढी छाप, आणि दीनानाथ मंगेशीचे, अभिषेकींच्याच गावचे. वऱ्हाडचा गळा आणि मंगेशीची चाल अशी ती गाठ पडली. प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ या संस्थेने 1967 च्या डिसेंबरात नाटक रंगमंचावर आणलं.

कथा तुम्हाला माहीत आहे. विश्रामपूरचं संस्थान, राजगायकाच्या पदासाठी चुरस, एकीकडे पंडितजी भानुशंकर, दुसरीकडे खाँसाहेब आफताब हुसेन. राजगायकाला कट्यार मिळते आणि एक खून माफ. पण खरा झगडा दोन गायक्यांचा आहे. संगीतकारापुढे काय उभं राहिलं याचा विचार करा. समोर हजार माणसं बसली आहेत, त्यातल्या नऊशेंना राग कळत नाही. त्यांना केवळ कानाने कळलं पाहिजे की हा एक गळा आणि हा दुसरा, हे एक घराणं आणि हे दुसरं. भाषण देऊन ते कळत नाही. अभिषेकींनी ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन वेगळ्या चालींत बांधलं. शब्द तेच, भुंगा तोच, मकरंद तोच. पंडितजींच्या बाजूने येतं तेव्हा ते शांत, रेखीव असतं. खाँसाहेबांकडे गेलं की तेच पद झेप घेतं, त्याला धार चढते. दोन्ही ऐकून झाल्यावर पहिल्यांदा नाटक बघणाऱ्या शेतकऱ्यालाही भांडण काय आहे ते समजतं.

खाँसाहेब पंडितजींच्या हवेलीत राहायला येतात, आणि ‘या भवनातील गीत पुराणे’ म्हणत जुन्या मवाळ सुरांना घराबाहेर काढतात. गर्व आहे त्यात, आणि थोडी जखमही आहे. हे पद वसंतरावांच्या गळ्यासाठीच बांधलेलं आहे. त्यांचा तो तिरपा, अनपेक्षित हल्ला, मध्येच वळण घेणारी तान, हे सगळं अभिषेकींनी हेरलं आणि त्याला मोकळं रान दिलं. ‘सुरत पिया की’मध्ये राग बदलत जातात, तिथेही हाच विश्वास दिसतो. स्वतः मोठा गवई असलेला माणूस दुसऱ्याच्या गळ्याचा इतका मान ठेवतो! मी पेटी वाजवतो, माझा जन्म गायकांच्या मागे बसण्यात गेला, म्हणून मला याची किंमत कळते.

आता आपल्याकडे येतो. झाडीपट्टीतल्या कंपन्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्या मी पुष्कळ बघितल्या. पदाच्या वर ‘चाल’ लिहिलेलं असतं आणि पुढे सिनेमाच्या गाण्याचं नाव. किर्लोस्करांच्या काळची तीच रीत, फक्त गाणं सिनेमातलं. मी याला वाईट म्हणत नाही. सीझनमध्ये रोज प्रयोग, रात्रभर जागरण, दिवसा पुढच्या गावाचा प्रवास, अशात ओळखीची चाल कामाला येते. पण याचा तोटा पब्लिक भोगतं. बाप मुलीला सासरी धाडतो आहे, सगळा मंडप रडायला आला आहे, आणि पेटीवर सिनेमातली चाल वाजते. लगेच माणसांच्या डोळ्यांपुढे त्या सिनेमातला नट आणि त्याचा बगिचा येतो. आपला बाप स्टेजवर उभाच असतो, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष राहत नाही. एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी प्रयोगानंतर मला म्हटलं होतं, “गानं लांब नोको बापा, त्याच मानसाचं पायजे.” अभिषेकींचं सगळं काम त्या वाक्यात येतं.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, वेळी बांधीत वाकून बाया गातात ती गाणी आहेत. दंडार आहे, खडी गंमत आहे, गोंधळ आहे. अभिषेकींनी गोव्याच्या देवळातलं भजन-कीर्तन कानात साठवलं आणि ते शास्त्रीय संगीताइतकंच मानाने वापरलं. रोवण्याची एखादी चाल घेऊन त्या बापाच्या तोंडी घालता येईल. ती चाल गाणारी आई, आजी या मंडपातच बसलेली असेल.

बुवांनी शिष्यांना घरी ठेवून शिकवलं, जुन्या गुरुकुलासारखं. अजित कडकडे, प्रभाकर कारेकर, आशा खाडिलकर, देवकी पंडित, राजा काळे अशी कितीतरी नावं, आणि कोणाचं गाणं कोणासारखं नाही. 1988 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 7 नोव्हेंबर 1998 रोजी ते गेले.

नाटकाला अजून दोन तास आहेत. कंपनीची पेटीवाली आणि तबल्याची मंडळी इथे आली आहेत, त्यांनी जेवण झाल्यावर शाळेच्या वऱ्हांड्यात यावं. आज रात्रीच्या नाटकाची वही घेऊन या. त्यातलं निरोपाचं एक पद निवडू. गावातल्या ज्या बायांना रोवण्याची गाणी येतात त्यांनीही जरूर यावं, पहिला सूर त्यांनी द्यायचा आहे.