वाळूतलं गुपित

नमस्कार श्रोतेहो. जेवणं उरकली असतील, पंखा सुरू असेल. सोलापूरच्या उन्हात दुसरं करणार तरी काय? तेव्हा बसा निवांत. आज बोलायचंय अणुबॉम्बबद्दल, आणि त्यानं फिरवलेल्या राजकारणाबद्दल.

आपला पहिला अणुस्फोट १८ मे १९७४ चा, राजस्थानच्या वाळवंटात पोखरणला, इंदिरा गांधींच्या काळात. आपण म्हणालो, हा शांततेसाठी. जगाला काही ते पटलं नाही. अणुसामग्री विकणाऱ्या देशांनी गट बांधला आणि आपल्यासाठी दारं लावून घेतली. तारापूरच्या इंधनावरून अमेरिकेशी वर्षानुवर्षं घासाघीस चालली.

१९९५ मध्ये नरसिंह रावांनी पुन्हा तयारी केली. पण अमेरिकेच्या उपग्रहांनी वरून ती टिपली. दबाव आला, चाचणी राहिली. लक्षात ठेवा, उपग्रहांनी टिपली म्हणून राहिली.

आता १९९८, पुन्हा पोखरण. हा किस्सा मी कितीदा सांगितला असेल, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. उपग्रह डोक्यावर कधी येतो, हे आपल्या लोकांना आता ठाऊक होतं. म्हणून लष्कराचे इंजिनिअर जवान काम करायचे रात्री. उजाडायच्या आत यंत्रं जिथल्या तिथं! जणू काल कुणी हातच लावला नाही. उपसलेल्या वाळूचे ढीगसुद्धा वाऱ्यानं घडवल्यासारखे रचायचे. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात, नावंही बदललेली. कलामसाहेब झाले मेजर जनरल पृथ्वीराज, अणुशास्त्रज्ञ राजगोपाल चिदंबरम झाले मेजर जनरल नटराज. बॉम्बचा गाभा मुंबईहून निघाला तोही अपरात्री, ट्रकमधून विमानतळावर आणि तिथून जैसलमेरला. आपल्याकडे मुलगी बघायला पाहुणे यायचे असले तरी आदल्या दिवशी सगळ्या गल्लीला खबर असते! आणि हल्ली तर लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालतं. अक्षता टाकायच्या की वर बघून हसायचं? मला मुळीच आवडत नाही ते. असो.

११ मे. बुद्धपौर्णिमा. वारा वस्तीकडे वाहत होता, म्हणून थांबले. वारा पडला आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास जमीन हादरली. एकाच दिवशी तीन स्फोट, १३ तारखेला आणखी दोन. वाजपेयींनी जाहीर केलं तेव्हा कुठे अमेरिकेच्या हेरखात्याला कळलं.

मग अमेरिका-जपानचे निर्बंध आले, २८ मेला पाकिस्ताननंही स्फोट केले. पण गंमत बघा, त्याच अमेरिकेचे परराष्ट्र उपमंत्री स्ट्रोब टॅलबट आणि वाजपेयींचे दूत, आपले जसवंतसिंह यांच्या चर्चेच्या फेऱ्या सुरू झाल्या. ज्यांनी दारं लावली, तेच बोलायला बसले. पुढे मनमोहनसिंगांनी अमेरिकेशी अणुकरार करायचं ठरवलं, डाव्यांनी पाठिंबा काढला, आणि २२ जुलै २००८ ला सरकार २७५ विरुद्ध २५६ असं जेमतेम तरलं. परराष्ट्र धोरणापायी दिल्लीची खुर्ची डगमगली ती अशी! करार विजेसाठी, असं सरकार सांगत होतं. तेव्हा देशाचे ऊर्जामंत्री आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे, आणि आपल्याकडे लोडशेडिंग किती होतं ते तुम्हाला मी काय सांगणार? नमस्कार.