फ्लॉरेन्समध्ये एक दिवस, कोल्हापूरच्या छत्रीपर्यंत

सकाळचे सव्वाआठ. उफिझी या कलासंग्रहालयाच्या दारात रांग आहेच. नाव भारदस्त वाटतं, अर्थ साधा: कचेऱ्या. १५६० साली इथला सत्ताधीश कोसिमो मेदिचीनं सरकारी दफ्तरं एका छपराखाली आणायला वासारी या वास्तुकाराकडून हे काम सुरू करून घेतलं. आज त्या कचेरीत बोत्तिचेल्लीच्या चित्रातली व्हीनस शिंपल्यावर उभी आहे. गर्दीतून वाट काढून जवळ जा. लाटा म्हणजे नुसत्या छोट्या पांढऱ्या खुणा, शाळकरी पोरानं काढाव्यात तशा. केसांच्या बटांवर मात्र सोन्याच्या बारीक रेघा. मान जरा जास्तच लांब आहे, पण ते लक्षात येईपर्यंत आपण फसलेलो असतो.

बाहेर आलं की आर्नो नदीवरचा पूल, पोंते वेक्कियो. पुलावरच्या दुकानांच्या डोक्यावरून एक बंद मार्ग जातो. तोही वासारीचाच. १५६५ मध्ये, राजपुत्राच्या लग्नासाठी, पाच महिन्यांत उरकलेला. राजघराण्यानं वरून जायचं, रयतेनं खालून! खाली तेव्हा खाटीक बसत. १५९३ साली त्यांना हलवून सोनार आणले. सोनार अजून आहेत.

पलीकडे पित्ती राजवाडा. लुका पित्ती या सावकारानं बांधायला घेतलेला, पुढे कोसिमोच्या बायकोनं, एलेओनोरानं विकत घेतलेला. मागं टेकडीवर चढत जाणारी बोबोली बाग. इथं फुलं शोधू नका. कातरलेली झाडं, पुतळे आणि पायाखाली खडी. बुओन्तालेन्तीच्या कृत्रिम गुहेच्या कोपऱ्यांत मायकेलअँजेलोचे चार अर्धवट बंदिवान पुतळे भिंतीतून बाहेर पडू बघतात. या नकला आहेत, अस्सल आकादेमिया संग्रहालयात.

एवढं सगळं शहरात टिकलं ते आन्ना मारिया लुईसामुळे. मेदिची घराण्यातली ही शेवटची बाई. १७३७ च्या करारात तिनं अट घातली, संग्रहातलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर जायचं नाही.

संध्याकाळी आर्नोच्या काठाकाठानं पश्चिमेला, कास्चिने उद्यानात. एके काळी मेदिचींची गुरं इथं चरायची. उद्यानाच्या टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथं, दगडी छत्रीखाली पगडी घातलेला रंगीत अर्धपुतळा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्येच वारले, जेमतेम वीस वर्षांचे. दहनाची इथं पद्धत नव्हती. खास परवानगी काढून याच संगमावर अग्नी दिला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, कोल्हापूरचा नवा राजवाडा उभारणारे तेच.

मागच्या मोठ्या पुलावरून गाड्या धावताहेत. पुलाचं नाव पोंते आल्लिंदियानो. 'त्या हिंदी माणसाजवळचा पूल'.