मांडवीकाठचा वाडा आणि गोंयचो सायब

मंडळी, पणजीत मांडवीच्या काठाने चालताना जुन्या सचिवालयाची उतरत्या कौलांची लांबट इमारत दिसते. नदीच्या वरच्या अंगाला सुमारे दहा किलोमीटरवर, जुन्या गोव्यात, बॉ जेझूसची बासिलिका आहे आणि तिच्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव. एक कारभाराचं घर, दुसरं संताचं. या दोन्ही वास्तूंचा इतिहास एकत्रच वाचायला हवा.

पणजीतलं हे सचिवालय म्हणजे मूळचा विजापूरच्या युसुफ आदिलशहाचा वाडा, साधारण १५०० सालचा. १५१० मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला आणि १६१५ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा प्रतिनिधी, आधी इथे उतरायचा आणि मग राजधानीत, म्हणजे जुन्या गोव्यात, प्रवेश करायचा.

झेवियर हे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे धर्मप्रचारक. ते ६ मे १५४२ रोजी गोव्यात आले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर वारले. मांस लवकर झडावं आणि अस्थी नेता याव्यात म्हणून शव चुन्यात पुरलं होतं. उकरलं तेव्हा ते शाबूत निघालं. मलाक्कामार्गे १५५४ च्या मार्चमध्ये ते गोव्यात पोचलं आणि १६२२ मध्ये झेवियर संत घोषित झाले. आजची चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा तस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठवला. तो १६९८ मध्ये इथे जोडून उभारला गेला.

आता १६८३ कडे या. संभाजी महाराजांच्या फौजेने नोव्हेंबरमध्ये जुवे बेट घेतलं आणि मराठे राजधानीच्या अगदी तोंडाशी आले. व्हाइसरॉय काउंट आल्व्होर झेवियरांच्या समाधीपाशी गेला, शवपेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड संताच्या स्वाधीन केला. पुढे मोगल शहजादा शाह आलम मागून चालून येत असल्याने मराठे माघारी फिरले. लष्करी कारण हेच. पण गोव्यातल्या श्रद्धेने त्याचं श्रेय ‘गोंयचो सायब’ला, म्हणजे गोव्याच्या या साहेबाला, झेवियरांना दिलं. पुढे नव्या व्हाइसरॉयने संताजवळून दंड घेण्याची प्रथा पडली. राजाची सनद लिस्बनची, दंड मात्र बासिलिकेतला! याच स्वारीनंतर आल्व्होरने राजधानी मुरगावला हलवायचा घाट घातला, तो तडीस गेला नाही.

माझ्या मते खरी कलाटणी १७५९ ची. साथींनी जुनं गोवं ओस पडत होतं. जमीन सच्छिद्र, त्यामुळे सांडपाणी विहिरींत झिरपायचं. त्या वर्षी व्हाइसरॉयने बिऱ्हाड पणजीच्या वाड्यात हलवलं. त्याच वर्षी जेझुइटांची गोव्यातून हकालपट्टी झाली. सत्ता नदीच्या मुखाकडे सरकली, संत जागीच राहिला आणि त्याचे राखणदार गेले. जेझुइटांनी जाताना शव बदललं, अशी कुजबुज वाढली. ती मिटवायला १७८२ मध्ये शव लोकांसमोर ठेवलं गेलं. आज दहा वर्षांनी भरणाऱ्या शवप्रदर्शनाचं मूळ तिथे आहे.

वाड्यात गव्हर्नर १९१८ पर्यंत राहिले, नंतर ते काबो इथल्या निवासात गेले. मुक्तीनंतर सचिवालय आणि विधानसभा इथेच होती. २००० मध्ये विधानसभा पर्वरीला गेली.

दोन्ही वास्तू जांभ्याच्या, आणि दोन्हींचं दुखणं समजायला जांभा समजायला हवा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण छिद्रं आणि त्यांतली माती राहतेच. पावसाळ्यात गोव्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो उघड्या दगडात शिरला की माती वाहून जाते आणि पृष्ठभाग भुगा होऊन गळतो. चुन्याचा गिलावा हा मार स्वतःवर घेतो, म्हणून तो पुन्हापुन्हा करायचा असतो. बासिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात जुनेपणा दिसावा म्हणून काढला गेला, ही चूक होती. लाल भिंतीचं लोकांना अप्रूप वाटतं, पण ती भिंत उघडी पडलेली आहे. तिच्यावर सिमेंट मात्र थापू नये. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं, आणि मग दगड गिलाव्याच्या मागून कुजतो.