यँकीज कुठे हरले? माझं उत्तर: बेंचवर

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली परत तोच प्रश्न, "दादा, जज, सोटो, स्टँटनसारखे बॅटर असताना यँकीज २०२४ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, डॉजर्सकडून ४-१ नी हरले कसे?" आणि त्याखाली बाकीच्यांनी उत्तरही देऊन टाकलंय, की पाचव्या मॅचला ५-० पुढे असताना जजनी कॅच सोडला, पिचर कोल फर्स्ट बेस कव्हर करायला गेला नाही, विषय संपला. अरे, ते सगळ्यांनी पाहिलंय, पण ते एका इनिंगचं झालं. मला बोलायचंय बेंचवर, कारण त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

बेसिक पटकन. २६ जणांचं रोस्टर, म्हणजे टीमची यादी, त्यात निम्मे पिचर (बॉल टाकणारे), नऊ जण लाइनअपमध्ये, उरले चार-पाच तो बेंच. चला पुढे.

आता हे नीट ऐका. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला माणूस त्या मॅचमध्ये परत येत नाही. एकाने लिहिलंय, "म्हणजे आयपीएलच्या इम्पॅक्ट प्लेअरसारखं का?" हो, बरोबर, फक्त इथे प्रत्येक बदल तसाच असतो. बॅटर बदलला, गेला. रनर बदलला, गेला. त्यामुळे बेंचवरचा प्रत्येक माणूस एकदाच खर्च करता येतो, आणि तो ज्याच्या जागी येतो तोही त्याच्याबरोबर खर्च होतो.

माझे बाबा तेव्हा इकडे न्यू जर्सीत एडिसनला आले होते, सिरीजची दुसरी मॅच आम्ही एकत्र बघितली. नववी म्हणजे शेवटची इनिंग, डॉजर्स ४-२ पुढे, बेस लोडेड (तिन्ही बेसवर यँकीजचे रनर), दोन आउट, तिसरा झाला की संपलं. डॉजर्सनी वेसिया आणला, डावखुरा पिचर. समोर यँकीजचा मुख्य कॅचर (आपला विकेटकीपर समजा) ऑस्टिन वेल्स, तोही डावखुरा, आणि डाव्या बॅटरला डाव्या पिचरचा बॉल बाहेर वळत जातो म्हणून जड जातो, हे जुनंच आहे. मग यँकीजनी पिंच हिटर, म्हणजे बदली बॅटर, पाठवला. कोण? होजे ट्रेविनो, म्हणजे राखीव कॅचर! पहिलाच बॉल मारला, सेंटर फील्डला कॅच, मॅच खल्लास. बाबा म्हणाले, "अरे, पण मॅच टाय झाली असती तर वेल्सला परत घेतलं असतं ना?" नाही ना बाबा! वेल्स गेला तो गेलाच. ट्रेविनोच कॅचिंग करणार, आणि त्याला काही लागलं तर मागे नियमित कॅचर कुणीच नाही.

ट्रेविनोवर मी अजिबात रागावलेलो नाही, तो कॅचर म्हणून उत्तम आहे. राग आहे तो रोस्टर बनवणाऱ्यांवर. वर्ल्ड सिरीजमध्ये बेस लोडेड असताना डावखुऱ्या पिचरसमोर तुमचा उजवा बॅटर राखीव कॅचर असतो, म्हणजे ती जागा तुम्ही भरलेलीच नाही. आणि हे एकाच जागेचं नाही. जॅझ चिझम मेजर लीगमध्ये थर्ड बेस आधी कधी खेळलेला नव्हता, त्याला तिथे उभा केला. फर्स्ट बेसवाल्या रिझोची बोटं मोडल्यावर आधीच्या राउंडमध्ये रॉयल्सविरुद्ध फर्स्ट बेसला जॉन बर्टी, ती त्याची जागाच नाही. लेफ्ट फील्डला व्हर्डुगो खेळतोय आणि डोमिंगेझ बाकावर बसलाय, यावर तर वेगळा व्हिडिओ होईल.

उलट डॉजर्स बघा. एनएलसीएसला (वर्ल्ड सिरीजच्या आधीची, नॅशनल लीगची फायनल) शॉर्टस्टॉप रोहास नव्हता, तर टॉमी एडमन सेंटर फील्डमधून तिथे आला, आणि सिरीजचा एमव्हीपी तोच. किके हर्नांडेझ कुठेही उभा करा. असे दोघं असले की मॅनेजर बिनधास्त बदल करतो, कारण पुढचा माणूस खर्च झाला तरी मैदानात भोक पडत नाही.

आणि काहीजण म्हणतात, ऑक्टोबरमध्ये यँकीजचा मॅनेजर बूननी काय करायचं, हातात होते तेवढेच. मान्य, पण ट्रेड डेडलाइन, म्हणजे टीमना आपसात खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख, ३० जुलैला होती. चिझम आणला, बुलपेनसाठी (मॅचच्या मध्येच येणारे बदली पिचर) पिचर आणले, डावखुऱ्यांसमोर उभा राहील असा उजवा बॅटर बेंचसाठी आणलाच नाही. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, अमेद रोझारिओ आणला, ऑस्टिन स्लेटर आणला, दोघंही उजवे आणि डावखुऱ्या पिचरसमोरचेच. म्हणजे गरज काय आहे ते कळत होतं, माणसं बाजारातही मिळतात, मग २०२४ च्या जुलैत का नाही आणली? यँकीजचा पिचर कोर्तेस, त्याच्यावरच्या कॉमेंट्स खूप आल्यात, त्याला डॉजर्सच्या फ्रीमननी मारलेल्या ग्रँड स्लॅमवर, म्हणजे बेस लोडेड असतानाच्या होमरनवर, पुढच्या वेळी सविस्तर बोलतो. तोवर तुम्ही खाली लिहा, वेसियासमोर तुम्ही कुणाला पाठवलं असतं.