दोन सड, दोन कोकरं

(पहाट. वाघरीतल्या, म्हणजे जाळीच्या कुंपणातल्या मेंढ्या. कोकरांचा कल्ला.)

फलटण, माण, खटाव. सातारा जिल्ह्याचा हा पूर्व भाग पावसाच्या बाबतीत कायमचा कंजूष. इथं दख्खनी मेंढी टिकते, कारण ती कुसळं आणि धसकटं खाऊनही चालत राहते. पण एका वेताला देते बहुधा एकच कोकरू.

पूर्वी त्याचं फारसं काही वाटत नसे. घोंगडीला लोकर लागायची, खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्या की धान्य मिळायचं. आता या जाड, काळ्या लोकरीला विचारतो कोण? घर चालतं ते तीन-चार महिन्यांची कोकरं विकून. म्हणजे जितकी कोकरं, तितकी कमाई.

(नकाशा: सुंदरबन.)

उत्तर सापडलं पार बंगालच्या दलदलीत. तिथली गरोळ मेंढी अंगानं अगदी लहान, पण जुळी देणं तिला नेहमीचं. 1792-93 मध्ये कोलकात्याहून काही मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. तिथल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांमध्ये जुळ्यांचा जो जनुक आढळतो, तोच गरोळमध्येही आहे. जनुकातला नेमका बदल 2001 साली हाती लागला.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं हा जनुक दख्खनी मेंढीत आणला. नुसता संकर करून भागलं नसतं, कोकरं खुजी निपजली असती आणि बाजारात त्यांना कुणी हात लावला नसता. म्हणून संकरित पिढ्या पुन्हा पुन्हा दख्खनीशी जुळवल्या. अंग दख्खनीचं, जनुक गरोळचा. हीच ‘नारी सुवर्णा’.

अडचण अशी, की नर जनुक बाळगतो, पण वीत तर नाही! बघून कसं ओळखायचं? रक्ताचा नमुना घेऊन, डीएनए तपासून. या कामात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सोबत होती.

(जवळून: मेंढीची कास. दोन्ही बाजूंनी लुचणारी कोकरं.)

जनुकाची एक प्रत असली की बऱ्याच वेतांना जुळं होतं. दोन प्रती असल्या की तिळ्यांचं प्रमाण वाढतं. ऐकायला बरं वाटतं, पण मेंढीला सड दोनच! तिसरं कोकरू ढकललं जातं, उपाशी राहतं.

जुळंही फुकट मिळत नाही. मेंढी पाच महिने गाभण असते. पोटातल्या कोकरांची खरी वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. तेव्हा नुसत्या चराईवर ठेवली, तर कोकरं किडकिडीत जन्मतात आणि आईला दूध सुटत नाही. थोडा मका, थोडी पेंड, शेवरीचा पाला द्यावाच लागतो. व्याल्यावर पहिल्या काही तासांत दोघांच्याही पोटात चीक गेला पाहिजे.

दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या कळपाला हे सगळं जड जातं. वाटेतच मेंढी विते, नवी कोकरं घोड्यावर लादून पुढचा मुक्काम गाठायचा असतो. तिथं एकच धडधाकट कोकरू परवडतं, असं एखादा मेंढका म्हणाला तर त्याला अडाणी ठरवू नये. घराजवळ चारणाऱ्याचा हिशोब वेगळा. तिथं माणसं हाताशी असतात, गोठा असतो, अशक्त कोकराला बाटलीनं दूध पाजता येतं.

(कळपात नवा नर सोडताना.)

दोन प्रतींचा नर साध्या दख्खनी मेंढ्यांना लावला, की प्रत्येक पाटीत, म्हणजे मादी कोकरात, एक प्रत उतरते. हवं ते इतकंच. याच पाट्या पुन्हा त्याच बापाला लागल्या, तर निम्म्या पिल्लांत दोन प्रती जमतात आणि वर सगोत्र संकराचा धोका. म्हणून पाट्या माजावर यायच्या आधी हा नर कळपातून काढायचा आणि साधा दख्खनी नर सोडायचा.